विश्लेषण : पणजोबा महायुद्धात लढले होते? लोअर परळच्या घरातून शोध कसा घ्याल?

लोअर परळमधील ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकाही खाली येतात. त्यात जुनं पदक, पेन्शनचा कागद किंवा गणवेशातला फोटो निघाला, तर भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. गिरणगावातली कित्येक कुटुंबं मूळची रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरची. ब्रिटिश काळात मराठा पलटणींची भरतीही याच भागांतून होत असे.

पदकावरून काय कळतं?

पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर साधारणपणे सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. यातला क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. ‘गणपत जाधव’ एका पलटणीतही अनेक सापडतील, क्रमांकामुळे नेमका माणूस हाती लागतो. पलटणींच्या नावांचा गोंधळ वेगळाच. १९१६ मध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेली ‘११० मराठा’ १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. त्यामुळे घरच्यांच्या आठवणीतलं नाव आणि कागदावरचं नाव जुळेलच असं नाही.

ऑनलाइन काय मिळतं?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. पण तिथे फक्त मृत्यू पावलेल्यांची नोंद आहे. जिवंत परतलेले पणजोबा तिथे दिसणार नाहीत. ‘पवार’ हे नाव इंग्रजीत ‘ए’ आणि ‘ओ’ अशा दोन्ही प्रकारे टाकून पाहा. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो, म्हणून गावाच्या नावानेही शोधा.

इराकमधील बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांची मात्र पलटणनिहाय नुसती संख्या. अशा असमान वागणुकीबद्दल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. त्याच वर्षी लाहोर संग्रहालयातील पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी डिजिटल झाल्याची बातमी आली. मराठी मुलखातल्या कुटुंबांना हेवा वाटावा अशीच ती.

परतलेल्यांचं काय?

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातील सागरला. क्रमांक, पूर्ण नाव, गाव आणि भरतीचं अंदाजे वर्ष देऊन तिथल्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकासाठी आशा अधिक, पहिल्यासाठी कमी. १११ महार ही पलटण तर १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

आजोबा बोटीवर असतील तर पलटण शोधत बसू नका. युद्धात मरण पावलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक मशीद बंदरच्या सीमेन्स होममध्ये आहे.

गावी गेलात तर चावडी किंवा देवळाजवळची संगमरवरी पाटीही वाचा. या गावातून किती जण युद्धावर गेले, किती परतले नाहीत, एवढंच बहुधा त्यावर असतं. नावं गावातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावी लागतात.

आणि हो, सापडलेलं पदक पॉलिश करू नका. घासून कडेवरची अक्षरं पुसट होतात. आधी मोबाइलवर कडेचा फोटो काढा.