फळांच्या रसावरील जकात व आपला संत्रा बागाईतदार

आंबिया बहाराचीं संत्रीं बाजारांत येऊन भाव बसला, म्हणजे "परदेशी रसावरील जकात वाढवा" ही मागणी आमच्या बागाईतदार बंधूंच्या तोंडीं सहज येते. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेड या टापूंत बारीक फळ मातीमोलानें द्यावें लागतें, आणि त्याच तालुक्याच्या दुकानांत संत्र्याचें चित्र छापलेल्या बाटल्यांच्या रांगा दिसतात. हें पाहून चीड येणें स्वाभाविक आहे. तथापि चिडीच्या भरांत चुकीचें दार ठोठावून उपयोग नाहीं. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार व्हावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम जकातीचें पाहूं. २०१८ सालच्या अर्थसंकल्पांत संत्र्याच्या रसावरील मूळ आयात जकात शेंकडा ३० वरून ३५, व इतर फळांच्या रसांवरील शेंकडा ३० वरून ५० करण्यांत आली. याशिवाय २०१७ च्या आयात नियमांप्रमाणें टिकाऊ मुदतीपैकीं शेंकडा ६० भाग किंवा तीन महिने, यांपैकीं जें कमी असेल तितकी मुदत शिल्लक असल्यावांचून बंदरांतून माल सोडीत नाहींत. ही भिंत कांहीं ठेंगणी नव्हे. मग तिच्या आड राहूनही आमच्या संत्र्यास रसाच्या कारखान्यांत मानाची जागा कां मिळूं नये?

याचें पहिलें कारण फळांतच आहे. नागपुरी संत्रें हें सोलून खाण्याचें फळ. त्याचा रस काढून तापविला किंवा कांहीं वेळ ठेविला, म्हणजे लिमोनिन नांवाच्या द्रव्यामुळें तो कडू होतो. फळांत हें द्रव्य कडू नसलेल्या रूपांत असतें. रस निघाल्यावर त्यांतील आंबटपणानें त्याचें रूप पालटतें. ब्राझील देश संत्र्याच्या रसाचा जगांतील सर्वांत मोठा निर्यातदार झाला, तो खाऊन उरलेल्या फळांवर नव्हे. तेथें पेरा, व्हॅलेन्शिया यांसारख्या गोड संत्र्यांच्या बागा मुख्यतः कारखान्यासाठीं लाविल्या जातात, आणि पुष्कळसा रस सुमारें सहा किलोंचा एक किलो होईल इतका आटवून, गोठवून परदेशीं पाठवितात. आपल्या रसांतील कडूपणा विशिष्ट राळेच्या थरांतून गाळून काढतां येतो. पण त्यास यंत्र, भांडवल व दीर्घकाळ पुरेल इतका माल लागतो.

दुसरें कारण आपल्या कायद्यांत आहे. फळांचें तयार पेय म्हणविण्यास त्यांत शेंकडा १० फळाचा रस असला म्हणजे पुरतें. लिंबाच्या बाबतींत तर ५ च. एक किलो संत्र्यांतून ४०० मिलिलिटर रस निघतो असें धरलें, तर त्या किलोभर फळांवर चार लिटर पेय तयार होतें. बाकीचें पाणी आणि साखर! आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कर निव्वळ रसावर शेंकडा ५, आणि दहांश रसाच्या, वायु न भरलेल्या पेयावरही शेंकडा ५ च. मग कारखानदारानें फळ अधिक कां घालावें? त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं; कायदा ज्या वाटेनें नेतो त्या वाटेनें तो जातो.

तिसरी गोष्ट वेष्टनाची. आटविलेल्या रसांत पाणी मिसळून पूर्ववत् केलेल्या रसावर "शंभर टक्के फळांचा रस" असें छापूं नये, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणानें जून २०२४ मध्यें काढला. हें योग्यच झालें. परंतु येथें भरलेल्या बाटलींतील रस कोणत्या देशाच्या बागेचा, हें सांगण्याची सक्ति अद्याप नाहीं. गिऱ्हाइकानें आमच्या फळास पसंत करावें अशी इच्छा असेल, तर आधीं त्यास तें ओळखतां आलें पाहिजे.

कोणी म्हणेल, मग जकात काढून टाकावी काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. परंतु जकात म्हणजे उसंत. ती बाजार नव्हे. शिवाय हें शस्त्र दुसऱ्याच्याही हातीं असतें. बांगलादेशानें आपल्या संत्र्यांवरील आयात शुल्क २०१९ पासून चढवीत नेऊन २०२३ सालीं किलोस ८८ टक्यांपर्यंत पोंचविलें, तेव्हां एका गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्या विदर्भाची काय दैना झाली, हें सांगावयास नको. व्यापारी करारांच्या या काळांत आपलीही भिंत उद्यां खालीं येऊं शकेल. त्या दिवशीं आपणांजवळ काय असेल?

म्हणून आमची सूचना अशी. सरकारकडे दोन गोष्टी मागाव्या: वेष्टनाच्या दर्शनी बाजूस रसाचें प्रमाण व त्याचा देश ठळक अक्षरांत असावा, आणि फळाचें प्रमाण जसें वाढेल तसा कर उतरता असावा. तिसरी गोष्ट मात्र कोणाकडे मागावयाची नाहीं. नागपुरी बागाईतदारांच्या संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून "नोगा" हें नांव बाजारांत आलें. पुढें तो धंदा राज्याच्या कृषिउद्योग विकास महामंडळाकडे गेला. जें आपल्या आधींच्या पिढीस सुचलें, तें आपणांस अशक्य कां व्हावें? मोठें फळ पेटींत व बारीक फळ कारखान्यांत, अशी निवड बागेंतच व्हावी. बारीक माल संघानें ठरलेल्या भावानें एकत्र करावा. आणि कडूपणा काढणारें यंत्र चार तालुक्यांनीं मिळून उभारावें.

जकातीच्या भिंतीआड आज सांवली आहे. ती आहे तोंवरच हें काम उरकलें पाहिजे.