मावळच्या वाटा कोणाच्या?

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्याच्या डोंगररस्त्यांवरून आंतरराष्ट्रीय सायकल-शर्यत धावली, तेव्हा तिच्या मार्गावरचे रस्ते डांबर ओतून आरशासारखे करण्यात आले. पाहुण्यांच्या निमित्ताने का होईना, खड्डे बुजले. एके काळी 'सायकलींचे शहर' म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात सायकलीला पुन्हा एवढा मान मिळाला, हेही नसे थोडके! परंतु आज आम्हांला लिहावयाचे आहे ते त्या गुळगुळीत रस्त्यांविषयी नव्हे. आमचा विषय आहे त्या रस्त्यांना डावीउजवीकडे फुटणाऱ्या मुरुमाच्या वाटा, आणि त्या वाटांच्या तोंडाशी उभी राहत असलेली लोखंडी फाटके.

गेल्या काही वर्षांत 'ग्रॅव्हल बाइक' या नावाची सायकल आपल्याकडे आली आहे. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हॅण्डल, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्यात हवा बेताचीच भरावयाची, म्हणजे चाक खडीवरून उसळत नाही, जमीन धरून चालते. चढासाठी हलके गिअर, उतारासाठी डिस्क ब्रेक. आणि बाभळीचा काटा घुसलाच तर टायरमधील चिकट द्रव ते भोक आपले आपण बुजवितो. किंमत लाखाच्या घरात. ज्या वाटांवरून खेड्यातला पोस्टमन आणि दूधवाला एकाच गिअरच्या काळ्या, वजनदार सायकलीवर, पिशव्या नि किटल्या सांभाळीत, बिनबोभाट हिंडले, त्याच वाटांसाठी परदेशाने नवे यंत्र घडवावे आणि आपण ते कौतुकाने विकत घ्यावे, यातली गंमत सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. ते असो. अमेरिकेतील कॅन्ससच्या टेकड्यांत २००६ साली अशा कच्च्या रस्त्यांवरील लांब पल्ल्याची एक शर्यत सुरू झाली, आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरली.

या सायकलीला हवी तशी भूमी मात्र निसर्गाने पुण्याच्या दाराशी आणून ठेवली आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे डोंगराचे फाटे उतरत जातात आणि दोन फाट्यांच्या मध्ये एकेक नदी वाहते. नदीगणिक एक खोरे आणि खोऱ्यागणिक एक मावळ. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे, कानद खोरे, गुंजण मावळ ही नावे उच्चारताच मराठी मनात काय जागे होते, ते आम्ही सांगावयास नको. नदीच्या काठाकाठाने जावे तर वाट सौम्य. शेजारच्या खोऱ्यात उतरावयाचे तर मात्र खिंड चढल्यावाचून सुटका नाही. खानापुराहून पाबे घाट चढून कानद खोऱ्याच्या बाजूला आल्यावर समोर तोरणा उभा राहतो, तेव्हा स्वार खाली उतरतो तो केवळ दम लागला म्हणून नव्हे.

पूर्वेचा रंग निराळा. सासवडहून कऱ्हेच्या काठाने जेजुरीकडे, किंवा भुलेश्वराच्या डोंगराभोवती गेले की उभे कडे संपतात आणि माळ लाटांसारखा खालीवर होऊ लागतो. बारामतीच्या बाजूस नीरा डाव्या कालव्याच्या कडेची सडक पाण्याच्या सोबतीने सपाट धावते. काळ्या खडकाची झीज होऊन झालेला मुरूम पाणी धरून ठेवीत नाही. म्हणून पाऊस सरला की दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत या वाटा घट्ट, स्वच्छ असतात. पावसाळ्यात काळ्या रानात शिरण्याचे धाडस ज्याने केले, त्याला चाक आणि चिमटा यांच्यात चिखल दाटून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, हेही सांगून ठेवलेले बरे.

या वाटा आता तुटत आहेत. मुळशी, पानशेत, वरसगाव, पवना या धरणांनी खोऱ्यांच्या तळातील जुने मार्ग कधीच गिळले. उरल्या त्या उतारांवरच्या वाटा. त्या उतारांवर आता शहरवासीयांचे बंगले आणि 'फार्महाऊस'च्या वसाहती उठत आहेत. तलावाचे दर्शन घडते त्या जागेला सोन्याचा भाव आला आहे. प्लॉट पडले की कुंपण येते, कुंपण आले की फाटक येते, आणि फाटकावर 'खासगी मालमत्ता, प्रवेश बंद' अशी पाटी लागते. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या कुंपणाखालून पलीकडे गेलेल्या स्पष्ट दिसत असतात. पण तेथे उभा असलेला पहारेकरी बिचारा दूरच्या मुलखातला, त्याला त्या चाकोऱ्यांचा इतिहास कोण सांगणार?

'तुम्हां शहरी लोकांच्या रविवारच्या हौसेसाठी आम्ही चिखल तुडवीत बसायचे काय?' असा प्रश्न कोणी खेडूत विचारील, आणि तो त्याचा हक्क आहे. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावी लागते अशा वाड्या या डोंगरांत आजही आहेत. त्यांना डांबर ही चैन नव्हे. जो सायकलस्वार 'रस्ता कच्चाच राहू द्या, फार सुंदर दिसतो' असे म्हणेल, त्याची रसिकता आम्हांला कवडीमोलाची वाटते. प्रत्येक वाडीला बारमाही पक्का रस्ता मिळालाच पाहिजे. पण फाटक बसते ते त्या रस्त्यावर नव्हे. ते बसते पाणंदीवर, शिवरस्त्यावर, दोन गावांना जोडणाऱ्या आडवाटेवर. तेथे सायकलस्वाराची फक्त सहल हुकते. शेतकऱ्याची गाडी अडते, जनावरांची पाण्याची वाट बंद होते, तोडलेला ऊस रानातच वाळत पडतो. त्याचे नुकसान कितीतरी मोठे आहे.

कायदा याबाबतीत मुका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे ज्या सार्वजनिक वाटा कोणाच्या खासगी मालकीच्या नाहीत, त्या शासनाच्या आहेत. त्याच कायद्याच्या कलम १४३ खाली शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क ठरविण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. वाटेतला अडथळा दूर करविण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. मात्र त्याखालचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मेख आहे ती येथेच! शेतकरी भिडेखातर गप्प बसतो, सहा महिने उलटतात, आणि हा सोपा दरवाजा बंद होतो. गाव-नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. पण तो नकाशा दप्तरात, आणि फाटक रानात. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर घेण्याचे राज्य सरकारने २०२५ साली ठरविले, हे योग्यच झाले. निर्णय कागदावरून बांधावर किती वेगाने उतरतो, यावर आमचे लक्ष राहील.

इंग्लंडने १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउण्टीवर सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याचे बंधन घातले. त्या नकाशात वाट दाखविली की तिच्यावरून जाण्याच्या हक्काचा तो निर्णायक पुरावा ठरतो. १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटाही सायकलींना खुल्या झाल्या. इटलीची कथा अधिक बोलकी आहे. टस्कनीच्या द्राक्षमळ्यांतून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली नाहीसे होत असताना, ते जपावेत या हेतूने काही सायकलप्रेमींनी १९९७ साली गायोले या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी काढली. पहिल्या वर्षी स्वार शंभरही नव्हते. आज तेथे दोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा, खुणांचे फलक लावलेला कायमचा मार्ग आहे, आणि २००७ पासून त्या पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत भरते. खडीचा रस्ता हीच ज्याची दौलत, अशा मुलखाला त्या दौलतीची किंमत सायकलने दाखवून दिली. आपल्याकडच्या सायकलस्वारांनी ही कथा केवळ समाजमाध्यमांवर एकमेकांना धाडून स्वस्थ बसू नये.

कारण त्यांच्या हाती एक साधन आहे, जे तलाठ्याच्या दप्तरात नाही. प्रत्येक फेरीची वाट त्यांच्या हॅण्डलवरचे यंत्र तारीखवार टिपून ठेवते. कोणती वाट गेल्या वर्षी खुली होती आणि यंदा कोठे बंद झाली, हे ते बोट ठेवून दाखवू शकतात. या नोंदी हक्काचा पुरावा ठरतील की नाही, हे न्यायालय पाहील. निदान अडथळा केव्हा आला हे त्यांवरून कळेल, आणि सहा महिन्यांची मुदत हुकणार नाही. मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि पुरंदर या तीन तालुक्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांनी आरंभ करावा. गाव-नकाशावरील तुटक रेषा प्रत्यक्ष जागेवर पडताळून पाहाव्यात, बंद वाटांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ती तहसील कचेरीच्या फलकावर लावावी. सायकलस्वारांनीही उभ्या पिकातून चाक घालू नये, देवराईत शिरू नये, वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून जाऊ नये. आणि डबा शहरातून बांधून नेण्याऐवजी वाटेवरच्या घरी पिठले-भाकरी सांगावी. ज्या गावाची वाट आपण वापरतो, त्या गावाच्या ग्रामसभेत त्या वाटेच्या बाजूने साक्ष द्यावयास त्यांच्यापैकी किती जण हजर राहतात, ते या पावसाळ्यानंतर दिसेल.