धुळीवाटे येणारे विष

पिकात विषारी द्रव्याचा अंश आढळला की दोष फवारणीला दिला जातो. नाशिक जिल्ह्याने याचा कडू अनुभव घेतला आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे येथील निर्यातीची द्राक्षे युरोपात अडली व बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. औषधाची मात्रा आणि काढणीपूर्वीचा काळ यांविषयीची दक्षता म्हणूनच आवश्यक होय. तथापि विषाची दुसरी एक वाट दुर्लक्षितच राहिली आहे; ती म्हणजे धूळ.

डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली व बीएचसीचा १९९७ साली बंद झाला. परंतु अशी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मातीतील सेंद्रिय अंशाला चिकटून ती वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे मुळांवाटे ती पिकात थोडीच चढतात. मात्र वाऱ्याने उडालेली माती व पावसाच्या थेंबांनी उसळलेला चिखल त्यांना थेट पानावर नेऊन ठेवतो. पानावरील मेणचट थर ती धरून ठेवतो. मग नुसत्या पाण्याने धुऊन ती पूर्णपणे निघत नाहीत. जमिनीलगत वाढणाऱ्या मेथी, कोथिंबीर, पालक या भाज्यांना हा धोका अधिक असतो.

जुने विष मागील पिढीचे. नवे मात्र आजच्या हातांनीच निर्माण होते. ठिबकच्या जुन्या नळ्या, फाटका मल्चिंग पेपर, औषधांच्या रिकाम्या बाटल्या बांधावर पेटवून दिल्या जातात. ‘एवढ्याशा ढिगाने काय होणार?’ असा प्रश्न केला जातो. परंतु त्या काजळीच्या कणांवर कर्करोगास कारण होणारी द्रव्ये बसलेली असतात. पीव्हीसी जळाल्यास डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्येही तयार होतात. काजळी बांध ओळखत नाही. ज्याने फवारणीचे पथ्य पाळले, त्याच्या घडांवर शेजाऱ्याच्या धुराचे विष बसावे, हा उघड अन्याय होय.

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आहे. परंतु मनाईपेक्षा समज अधिक टिकते. ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा आणि जुने प्लास्टिक साठवून विकण्यासाठी गावात एक जागा ठरवून घ्यावी. शेतकऱ्यांनी भाजीच्या वाफ्यांत पाचट अथवा काड पसरावे, रस्त्याच्या बाजूस दाट कुंपण वाढवावे व मातीला टेकलेली पाने बाजारात पाठवू नयेत.

केवळ पंप बंद ठेवल्याने माल शुद्ध होत नाही. धूळ आणि धूर आवरला, तरच तो शुद्ध राहतो.