परत आलेल्या लेकीचे काय?

मागल्या आठवड्यात एक मावशी आमच्याकडे आल्या. धुणीभांडी करून संसार ओढणारी बाई. त्यांची सोळा वर्षांची मुलगी वस्तीतल्याच एका ओळखीच्या बाईने ‘पार्लरात काम आहे, राहणे-खाणे फुकट’ असे सांगून नेली होती. चौकीवर गेल्या तर ऐकावे लागले, “गेली असेल कुणाबरोबर. येईल.”

मायबहिणींनो, हे वाक्य कुणी तोंडावर फेकले तर तिथून उठू नका. हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच बजावले आहे. १०९८ हा क्रमांक पोरांच्या वहीवर लिहून ठेवा. आणि ‘ती राजीखुशीने गेली’ हेही कुणाला म्हणू देऊ नका. फसवून, लालूच दाखवून शोषणासाठी नेले असेल तर तिच्या होकाराला कायदा किंमत देत नाही. मुलीला तिथे उचलीच्या रकमेत अडकवतात. खाणे, कपडा, खोलीभाडे सगळे तिच्याच नावावर चढते, आणि कर्ज काही फिटत नाही.

मावशींची लेक नवव्या दिवशी सापडली. बालकल्याण समितीने तिला आईच्या हवाली केले. पण मावशी आमच्याकडे आल्या त्या नंतरच्या गोष्टीसाठी. नळावर बाया तिला पाहून गप्प होतात. थोरलीचे ठरलेले लग्न पाहुणे मोडायला निघालेत. नेणारी बाई मात्र जामिनावर सुटून वस्तीत ताठ मानेने फिरते!

हे आजचे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे घातले, चारशेहून अधिक मुली सोडवल्या. त्यांत बऱ्याच नेपाळच्या. त्यांचे सरकार त्यांना घ्यायला तयार होईना. पोरी महिनोन् महिने सुधारगृहांत अडकल्या. शेवटी नेपाळच्या संस्थांनी पुढे होऊन शंभरावर मुली नेल्या. सोडवायला एक रात्र लागली, घ्यायला सहा महिने. १९५६ चा कायदाही पाहा. कुंटणखाना चालवणाऱ्याला त्यात शिक्षा आहे, तशी रस्त्यावर उभी राहून गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईलाही आहे. गिऱ्हाईक बहुतेक वेळा गुपचूप घरी जाते.

आपल्या घरात तरी वेगळे असावे, असे आम्हांला वाटते. कारण हा प्रश्न आपल्या घरचा आहे. देवाच्या नावाने सोडलेल्या मुली कुठल्या वाड्यांतून गेल्या, हे सांगायला नको. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या महार भगिनींसमोर बाबासाहेब बोलले. हे जिणे सोडा, लग्न करून इतर स्त्रियांसारखा संसार करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ‘सोडा’ एवढे आपण पाठ केले. संसार करायचा तर सून म्हणून घेणारे घर लागते, ते त्या बायांनी कुठून आणायचे होते? तो भाग बाबासाहेबांनी हॉलमधल्या बायांना नव्हे, आपल्याला सांगितला, असे आम्ही समजतो.

मावशींना आम्ही सांगितले, धाकटीला पुन्हा शाळेत घाला, दहावीचा फॉर्म भरा. येत्या रविवारी महिला मंडळाच्या दोन जुन्या कार्यकर्त्या आणि आम्ही पाहुण्यांकडे जाणार आहोत. नवऱ्या मुलाची आजी मोर्चांत पुढे असायची म्हणे. आधी तिच्याशीच बोलू.