वर्तुळाकार गाडी आणि रिकामें सभागृह

दिवेआगरच्या सुपारीच्या वाडींत बसून ठाणें शहराच्या गाडीची उठाठेव करणाऱ्या लेखकास वाचक प्रथम हेंच विचारतील कीं, ज्या गांवास स्वतःचें रेल्वे स्टेशन नाहीं, जेथें यावयाचें तर माणगांवास उतरून एस्. टी.ची वाट पाहावी लागते किंवा आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीस उतरावें लागतें, त्या गांवाला या वादाशीं कर्तव्य काय? कर्तव्य आहे. आमच्याकडे ज्या घराची एखादी शाखा ठाण्यास नाहीं असें घर शोधावें लागेल. त्यांतून हें नातें आजचें नव्हे. उत्तर कोंकणच्या शिलाहारांची राजधानी ठाण्यास होती, आणि त्यांच्याच अमदानींतला शके ९८२ चा मराठी ताम्रपट आमच्या गांवचा. तेव्हां ठाण्याच्या कारभारांत नाक खुपसण्याचा आमचा हक्क साडेनऊशें वर्षांचा आहे, असें कोणीं म्हटल्यास मी तरी त्याला अडविणार नाहीं.

ठाण्यास आगगाडीचें अप्रूप नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील उतारूंची पहिली गाडी ठाण्यासच येऊन थांबली. परंतु ती वाट शहराच्या एका कडेनें गेली, आणि पुढें वस्ती वाढली ती तिच्यापासून दूर, घोडबंदरच्या रस्त्याच्या दोहों अंगांस. एकीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसरीकडे उल्हास नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत इमारतींवर इमारती. सकाळ झाली कीं हीं सारीं माणसें एकाच स्टेशनाकडे लोटतात. यावर उपाय म्हणून शहरांतल्या शहरांत फिरणारी वर्तुळाकार गाडी योजिली गेली. तिची लांबी २९ किलोमीटर व स्थानकें २२. पैकीं २६ किलोमीटर खांबांवरून आणि ३ किलोमीटर भुयारांतून. नौपाडा, वागळे इस्टेट, डोंगरीपाडा, हिरानंदानी इस्टेट, कोलशेत, साकेत अशीं ठिकाणें ती एका माळेंत ओंवणार आहे.

वाद झाला तो गाडीच्या जातीचा. आरंभीं योजना मेट्रोची होती आणि तिचा आंकडा १३,००० कोटी रुपयांच्या घरांत जात होता. एवढा भार पेलणार कसा, अशी शंका निघाली व मेट्रोऐवजीं हलकी रेल्वे घ्यावी अशी सूचना पुढें आली. महापालिकेनें तिचाही आराखडा करविला. तो ७,००० कोटींच्या आसपास बसला. मागाहून पुन्हां मेट्रोच ठरली. १६ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें १२,२०० कोटींच्या खर्चास मंजुरी दिली आणि त्याच वर्षीं ५ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्तें पायाभरणी झाली.

हलकी रेल्वे म्हणजे काय, हें आमच्या वडील पिढीस समजावून देणें सोपें आहे. ती ट्रामची नात होय. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम धांवूं लागली, १९०७ सालीं ती विजेवर आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला शेवटची गाडी गेली. मोटारी व बसगाड्या वाढल्या, रस्त्यांत ट्रामची अडचण होऊं लागली, म्हणून ती मोडीत निघाली. युरोपांत मात्र कित्येक शहरांनीं ती राखली, कित्येकांनीं रूळ उखडून पश्चात्तापानें पुन्हां घातले. हल्लींची हलकी रेल्वे तिच्याहून लांब, वेगवान व आपल्या स्वतंत्र पट्ट्यांतून चालणारी. केंद्र सरकारनें २०१९ सालीं तिच्या एका जातीला ‘मेट्रोलाइट’ असें नांव देऊन नियम घालून दिले, त्यांत एका दिशेस ताशीं १५,००० उतारूंपर्यंतची मर्यादा धरली आहे.

येथें एक मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण वर्तमानपत्री चर्चेंत तें बहुधा निसटतें. हलक्या रेल्वेचा स्वस्तपणा तिच्या डब्यांत नाहीं, जमिनींत आहे. ती रस्त्यावरूनच चालली तर खांब नकोत, उंच स्थानकें नकोत, सरकते जिने नकोत. बचत होते ती येथें. पण त्यासाठीं रस्त्याच्या मधोमध दोन रूळांची जागा मोटारींकडून काढून घ्यावी लागते. घोडबंदरच्या रस्त्यावर तें धैर्य कोण दाखविणार? आणि तिलाही खांबांवर चढविली, कीं बचत उरते ती लहान डब्यांची व आंखूड फलाटांची. फलाट एकदां आंखूड बांधला म्हणजे पुढें गर्दी वाढल्यावर तो लांबविणें महाकर्मकठीण. ८ जून २०१४ रोजीं सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या गाड्या चार डब्यांच्या, पण तिचे फलाट सहा डब्यांच्या हिशेबानें बांधले. त्याला दूरदृष्टि म्हणतात. या कारणानें ठाण्यासाठीं शेवटीं मेट्रो ठरली तें मला गैर वाटत नाहीं.

गेल्या गणपतींत आमच्या ओसरीवर हा विषय निघाला तेव्हां मात्र मी एकटाच पडलों. नौपाड्यांत राहणारे आमचे दादा हिशेबी. अर्ध्या किंमतींत काम होत असतां दुप्पट कां द्यावी, हा त्यांचा प्रश्न. पुतणी म्हणाली, “काका, रोज त्या रस्त्यावर पाऊण तास उभें राहून पाहा, मग पैशांचें बोला.” वाद रंगला. वहिनी मोदकांची कणीक मळतां मळतां ऐकत होत्या, त्या एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, डबे किती जोडायचे तें तुम्ही ठरवा. सासूबाईंना दवाखान्यांत न्यायचें झालें तर जिना चढावा लागणार कीं नाहीं, तें मला सांगा.”

या प्रश्नास ओसरीवर कोणाकडेच उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मेट्रोच्या कैवाऱ्यांची, म्हणजे माझीच, तेथें गोची आहे. रस्त्यावरच्या हलक्या गाडींत म्हातारें माणूस फूटपाथावरून सरळ पाऊल टाकून चढतें. खांबावरच्या स्थानकास उद्वाहन हवें, तें रस्त्याच्या दोन्ही बाजूंस हवें, आणि मुख्य म्हणजे चालू स्थितींत हवें. गाडीचा वेग किती मिनिटें वांचवितो हें मोजतांना घराच्या उंबरठ्यापासून फलाटापर्यंत किती मिनिटें जातात, हें मोजणारा कोणी तरी सभेंत बसलेला पाहिजे. इंजिनिअर तें मोजीत नाहीं असें नाहीं. पण त्याला बोलावयास लावणारा माणूस निराळा असतो.

तोच माणूस ऐन वेळीं तेथें नव्हता, हें या प्रकरणांतलें मला सर्वांत बोंचणारें. मार्च २०२२ मध्यें ठाणें महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली व कारभार प्रशासकांच्या हातीं गेला. निवडणुका लांबत गेल्या, त्या जानेवारी २०२६ मध्यें झाल्या. म्हणजे १२,२०० कोटींच्या कामास मंजुरी मिळाली, पायाभरणी झाली, त्या सगळ्या काळांत शहराचें सभागृह रिकामें होतें. अधिकारी होते, तज्ज्ञ होते, महामेट्रो होती. अमक्या वळणावर आमच्या आळीची वाट बंद होते, असें उठून सांगणारा निवडून आलेला माणूस नव्हता. नगरसेवकांच्या सभांत गोंधळ फार असतो हें मान्य. आमच्या घरांतही विहीर कोठें खणावी यावर पंधरा दिवस भांडण झालें होतें. पण पाणी ओढणाऱ्या बायकांस विचारल्याशिवाय कुदळ पडली नाहीं. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानेंही बस, हलकी रेल्वे, मेट्रो या पर्यायांची तुलना करूनच निवड करावी असें बजावलें आहे. ती तुलना कागदावर करतां येते. चारचौघांत तिची उलटतपासणी झाल्यावर जो विश्वास बसतो तो कागदावर बसत नाहीं.

पैशांविषयीं थोडें सांगतों. केंद्र व राज्य यांचा भांडवलांतला वांटा सारखा, आणि उरलेल्यांतला कांहीं भाग परदेशी संस्थांच्या कर्जाचा. याखेरीज स्थानकांस नांव देण्याचे हक्क विकून, मोठ्या कंपन्यांना स्थानकांत थेट वाट देऊन व वाढलेल्या जमिनीच्या किंमतींतून वांटा घेऊन पैसा उभा करण्याचाही बेत आहे. उद्यां एखाद्या साबणाच्या नांवाच्या स्थानकावर आमचे पाहुणे उतरतील! हंसूं येतें, परंतु भाडें आटोक्यांत राहणार असेल तर मला साबणाचें वावडें नाहीं.

सरकारी अंदाजाप्रमाणें २०२९ सालीं या गाडीनें रोज ६ लाख ४७ हजार माणसें जातील, २०३५ सालीं ७ लाख ६१ हजार, आणि २०४५ सालीं ८ लाख ७२ हजार. निसर्ग वादळानें ३ जून २०२० रोजीं आमच्या वाड्या झोपविल्या, त्यानंतर ज्यांनीं सुपारीचीं रोपें लाविलीं त्यांना आठ-दहा वर्षांच्या हिशेबाची चांगली कल्पना आहे. रोप लावणें निराळें आणि तें जगविणें निराळें. एवढीं माणसें गाडींत बसावयाचीं तर तीं प्रथम स्थानकापर्यंत पोंचलीं पाहिजेत, आणि तें काम महामेट्रोचें नव्हे, महापालिकेचें. फूटपाथ तिचे, त्यांवरील अतिक्रमणें हटविण्याची जबाबदारी तिची, गल्लींतून स्थानकास नेणाऱ्या लहान बसगाड्या तिच्या. सभागृह आतां भरलें आहे. ठाण्यांतल्या आमच्या वाचकांनीं आपापल्या नगरसेवकाकडे जाऊन बावीस स्थानकांपैकीं आपल्या जवळच्या एकाचा नकाशा मागावा, त्यांत उद्वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूस दाखविलें आहे तें पाहावें, आणि तेथवर घरांतल्या वडील माणसास घेऊन एकदां पायीं जाऊन यावें.