जुन्या गाडीत १०० ऑक्टेन पेट्रोल भरावं का? आधी हे वाचा

पंपावर साध्या पेट्रोलशेजारी ९७ आणि १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोलही मिळतं. त्यात ई२० आल्यापासून जुन्या गाडीवाल्यांना एकच प्रश्न पडलाय : इंजिन सांभाळायचं तर महागडं पेट्रोल भरायचं का?

ऑक्टेन म्हणजे काय?
ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेण्याची ती क्षमता. हाय-कॉम्प्रेशन इंजिनात इंधन आणि हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं. ऑक्टेन कमी पडलं तर मिश्रणाचा काही भाग स्वतःच भडकतो आणि चढावर खडखड आवाज येतो. हेच नॉकिंग. ते सतत होत राहिलं तर पिस्टन खराब होऊ शकतो.

नव्या गाड्यांत नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही सोय नसते. शिवाय सिलिंडरमध्ये कार्बन साचला की नॉकिंग वाढतं.

मग ई२०चं काय?
इथेच गोंधळ होतो. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतं. पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार आधी ९१ असलेलं ऑक्टेन २० टक्के मिश्रणामुळे ९५ झालंय. म्हणजे बहुतेक जुन्या गाड्यांसाठी ऑक्टेनचा प्रश्न उलट सुटलाय.

खरी अडचण वेगळी आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार, मुळात इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई२०मुळे ६ ते ७ टक्के घटू शकतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुने रबरी पाइप, सील लवकर खराब करू शकतं. नुसतं ऑक्टेन वाढवून यातलं काहीच टळत नाही.

मग करायचं काय?
• गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणामागे लिहिलेलं ऑक्टेन बघा. ९१ किंवा ९५ लिहिलं असेल तर १००वर पैसे घालवू नका.
• ९५च्या वर लिहिलं असेल तर मात्र प्रीमियम भरा.
• नॉकिंग होत असेल तर आधी टायमिंग, प्लग आणि कार्बन तपासून घ्या.
• फ्युएल पाइप आणि सील बदलून घ्या. गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

थोडक्यात, प्रीमियम पेट्रोलसाठी दर वेळी मोजायचे जादा पैसे एकदा मेकॅनिकला दिलेत तर जुनी गाडी जास्त टिकेल.