‘जाण्यापूर्वी’चे व्याकरण

दसरा उलटला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या मराठवाड्यातील तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर मुकादमांची ये-जा वाढते, घेतलेल्या उचलीचे हिशेब निघतात आणि एकामागून एक टोळी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे रवाना होऊ लागते. अशाच एका वर्षी, आईबापांबरोबर ऊसतोडीला निघालेल्या नववीतील एका मुलीने, कोणी न सांगता, रजेचा अर्ज इंग्रजीत लिहून माझ्या टेबलावर ठेवला. फडावर जाण्यापूर्वी शाळेची पुस्तके जमा करीन, असे तिला लिहायचे होते. तिने लिहिले होते, ‘बिफोर टू गो’. तांबड्या शाईने ‘गोइंग’ करून मी तो कागद परत देऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, “सर, ‘टू गो’ म्हणजे जाणे ना? मग ‘जाण्याआधी’ म्हणजे ‘बिफोर टू गो’च की.”

या प्रश्नाला त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘इंग्रजीत तसेच म्हणतात’ एवढेच मी सांगू शकलो. पुष्कळ दिवस विचार केल्यावर माझ्या ध्यानात आले की तिचा तर्क बिनचूक होता आणि चूक आमच्या शिकवण्यात होती. पाचवी-सहावीपासून आम्ही ‘टू गो म्हणजे जाणे’ आणि ‘गोइंग म्हणजे जात आहे’ अशी दोन समीकरणे मुलांकडून घोकून घेतो. ‘गोइंग’ हे ‘जाणे’ या नामाचेही रूप आहे, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

वास्तविक अव्यय जोडण्यापूर्वी धातूचे नाम करावे लागते, हा नियम मराठी मुलाला जन्मापासून अवगत असतो. ‘जा’ या धातूला ‘पूर्वी’ हे शब्दयोगी अव्यय कोणीही थेट जोडीत नाही. ‘जापूर्वी’ असे बोबडे पोरही म्हणत नाही. धातूचे आधी ‘जाणे’ हे धातुसाधित नाम होते, त्या नामाचे ‘जाण्या’ हे सामान्यरूप सिद्ध होते आणि मगच ‘पूर्वी’ त्याला येऊन चिकटते. इंग्रजीचा शिरस्ता तत्त्वतः हाच आहे. तेथील शब्दयोगी अव्ययालाही नामच लागते, आणि क्रियापद द्यावयाचे झाले तर त्याला ‘इंग’ लावून नामाचा दर्जा द्यावा लागतो. म्हणून ‘जाण्यापूर्वी’ हे ‘बिफोर गोइंग’, ‘ऊस तोडण्यासाठी कोयता’ हे ‘अ सिकल फॉर कटिंग केन’, आणि ‘न जेवता’ हे ‘विदाउट ईटिंग’. भेद आहे तो स्थानाचा: आमचे अव्यय नामाच्या पाठीशी उभे राहते, त्यांचे पुढे चालते.

किंबहुना एका बाबतीत मराठीची दृष्टी अधिक सूक्ष्म आहे. आपण ‘जेवण्यापूर्वी’ म्हणतो, पण ‘जेवल्यानंतर’ म्हणतो. जी क्रिया अजून घडावयाची आहे तिला ‘णे’कारान्त रूप आणि जी घडून गेली तिला ‘ल’कारान्त रूप, असा विवेक आमची अडाणी म्हणवली जाणारी आजीसुद्धा क्षणभर न अडखळता करते, इंग्रजीत मात्र ‘बिफोर ईटिंग’ आणि ‘आफ्टर ईटिंग’ या दोन्ही ठिकाणी एकच रूप चालून जाते. हे ज्या मुलाला दाखवून दिले जाईल, त्याच्या मनातील इंग्रजीचे भय ओसरेल, आणि आपली भाषा दुय्यम आहे हा जो गैरसमज शाळेतच नकळत रुजतो, त्यालाही धक्का बसेल.

खरी अडचण ‘टू’ या शब्दापाशी येते, कारण तो दोन निरनिराळ्या कामांवर नेमलेला आहे: कधी तो धातूच्या आधी येणारी निव्वळ खूण असतो, तर कधी अस्सल शब्दयोगी अव्यय असतो. ‘आय यूज्ड टू वर्क’ म्हणजे ‘मी काम करीत असे’, हा आपला रीतिभूतकाळ होय. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग’ म्हणजे ‘मला काम करण्याची सवय आहे’. या दोहोंची गल्लत भल्याभल्या पदवीधरांच्या मसुद्यांत आढळते. तिच्यावर कसोटी सोपी आहे: त्या जागी क्रियापद काढून साधे नाम ठेवून पाहावे. ‘मला उन्हाची सवय आहे’ असे म्हणताना ‘यूज्ड टू हीट’ हे वाक्य नीट उभे राहते. अर्थात तेथला ‘टू’ अव्यय आहे आणि त्याच्यापुढे ‘इंग’च शोभेल. ‘लूक फॉरवर्ड टू’ या प्रयोगाचीही हीच कथा. काही अपवाद निश्चित आहेत. ‘निघण्याच्या बेतात’ याला ‘अबाउट टू लीव्ह’ म्हणतात आणि ‘बट’नंतर कधी कधी नुसता धातूच येतो. परंतु अपवाद नियम कळल्यावर सांगावयाचे असतात, नियमाच्या ऐवजी नव्हे.

कोणी म्हणेल, इंग्रजी शिकविताना मराठीचा आधार घेणे ही पांगळेपणाची कबुली आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकले पाहिजे. ज्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते आणि ज्याच्या कानावर ती भाषा रोज पडते, त्या मुलापुरते हे मत मला मान्य आहे. परंतु ज्या मुलाच्या वर्षातील पाच-सहा महिने फडावरच्या कोपीत सरतात, त्याच्यापाशी मराठीखेरीज दुसरे भांडवल नाही, आणि तेच भांडवल वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवावयास सांगणे हा अन्याय आहे. मराठवाड्याने परक्या माध्यमाचा जाच पुष्कळ सोसला आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, कचेरीतले दप्तर उर्दूत चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूतच होते. त्याही काळात, आज अंबाजोगाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तत्कालीन मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांनी शाळा चालविली, ती या भूमीतील मुलांना ज्ञान आपल्या भाषेतून मिळावे या श्रद्धेने.

आणि याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरा सांगते त्याप्रमाणे शके १११० मध्ये त्यांनी ‘विवेकसिंधु’ रचला आणि संस्कृतात कोंडलेला वेदान्त मराठीत आणला. अवघड विषय मायबोलीत सांगितल्याने हलका होत नाही, सुगम होतो, हे ज्या भूमीने सर्वांच्या आधी सिद्ध केले, तिने इंग्रजीचे व्याकरण मराठीतून समजावण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. धातुसाधित, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय ही त्या परंपरेने सांभाळलेली परिभाषा आमच्या मराठीच्या तासाला आजही शिकविली जाते. केवळ पुढच्या तासाला, इंग्रजीची घंटा होताच, तिच्याकडे पाठ फिरवली जाते.

२००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून सक्तीची आहे. सक्तीचा हुकूम काढणे सोपे असते. त्या हुकमाला न्याय देणे कठीण. माझी सूचना लहानशी आहे. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक इयत्तेला एक पान दोन्ही भाषांची रूपे शेजारी-शेजारी मांडण्यासाठी राखून ठेवावे, शिक्षक-प्रशिक्षणात मराठी आणि इंग्रजी व्याकरणाचा तौलनिक अभ्यास रीतसर अंतर्भूत करावा, आणि मराठीच्या व इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून पाठ आखावा. यासाठी नव्या इमारतीची अथवा यंत्राची आवश्यकता नाही. फळा, खडू आणि अर्धा तास पुरेसा आहे.

आता मी दर वर्षी घटस्थापनेच्या सुमारास वर्गात फळ्याच्या एका बाजूस ‘जाण्यापूर्वी, तोडण्यासाठी, न जेवता, परतल्यावर’ असे लिहितो, दुसरी बाजू मुलांकडून भरून घेतो, आणि त्या मुलीने विचारलेला प्रश्न स्वतःच वर्गाला विचारतो. माझे काम एवढेच, की हे उत्तर त्यांना टोळी निघण्यापूर्वी मिळावे.